पुढचा येतोय

जगाचा शेवट नेमका कशाने होणार, याबद्दल मोठमोठ्या विद्वानांत मतभेद असतील, असू देत. माझ्या मामेसासऱ्यांच्या मनात त्याबद्दल तीळभरही शंका नाही. जगाचा शेवट संगणकाच्या पुढच्या व्हर्जनने होणार आहे. महायुद्ध नाही, भूकंप नाही, खडकवासला धरणाची भिंतसुद्धा नाही. एका साध्यासुध्या सकाळी, सगळं पुणं दूध तापवत उभं असताना, पडद्यावर 'आपला संगणक अद्ययावत होत आहे, कृपया बंद करू नका' अशी एक सभ्य ओळ उमटेल, आणि तिथून पुढे काही उरणार नाही. हे ते इतक्या थंडपणे सांगतात की ऐकणाऱ्याचा हात नकळत खिशातल्या मोबाइलकडे जातो. मी स्वतः एकदा त्यांच्या घरून निघालो आणि ओंकारेश्वरापर्यंत पोचायच्या आत बायकोला फोन करून विचारलं, की आपला संगणक चालू आहे की बंद. वास्तविक मी संगणकावर पत्ते खेळण्यापलीकडे काही करत नाही.

मामांना दिसत नाही. जन्मापासूनच नाही. शनिवार पेठेत एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते आणि मामी राहतात. सगळी नोकरी त्यांनी स्वारगेटजवळच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली, आणि जग कसं चालतं याबद्दलची त्यांची सगळी मतं त्या बँकेच्या शाखेत तयार झाली आहेत. संगणकाच्या व्हर्जनला ते व्हर्जन म्हणत नाहीत. चालू असलेला तो 'आत्ताचा' आणि यायचा असलेला तो 'पुढचा'. शाखेत मॅनेजरांना असंच म्हणत. आत्ताच्याची बदली झाली की महिनाभर आधीपासून कुजबूज सुरू व्हायची, पुढचा कसा असेल, कडक की खवचट, चहा पितो की नुसताच घड्याळ बघतो.

"नवा साहेब आला की पहिलं काम काय करतो, जावईबापू?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"स्टाफची ओळख करून घेतो."

"टेबलं हलवतो!" मामांनी आपल्या नडगीवरून हात फिरवला. "आपण आलो हे सगळ्यांना कळायला नको? इतरांना ते डोळ्यांनी कळतं. मला नडगीनं कळायचं. प्रत्येक साहेबाची एक खूण आहे इथे. हा बघा, हा फार हुशार माणूस होता."

तेव्हा संगणकाचा पुढचा येणार म्हटलं की आधी मामांची नडगी दुखू लागते, हे समजून घेतलं पाहिजे.

दृष्टिहीन माणसाच्या संगणकात एक प्रोग्रॅम असतो. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवतो. मामांच्या संगणकातला आवाज फार जुना होता. बाईचा नाही, बाप्याचा नाही, पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या किड्याचा. मामी त्याला भुंगा म्हणत. त्यात मामांनी त्याचा वेग एवढा वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कोणाला त्यातलं एक अक्षर कळत नसे. मामांना मात्र सगळं कळायचं. वर्तमानपत्र, पत्रव्यवहार, निधनवार्ता, सगळं त्या भुणभुणीतून ते घटाघटा पीत असत. आणि गंमत म्हणजे हे सगळं भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत चालायचं. एका दिवाळीला आम्ही दहाबारा माणसं चकल्या खात बसलो होतो, मधोमध भुंगा भुणभुणत होता आणि मामा एकटेच गालातल्या गालात हसत होते.

"काय आलंय एवढं?" मामींनी विचारलं.

"वीजबिल."

"वीजबिलाला हसतं का कोणी?"

"मागच्यापेक्षा बरं आहे," मामा म्हणाले आणि पुन्हा हसले. ते वीजबिल नव्हतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि काय होतं ते कोणालाही माहीत नव्हतं. एवढं खाजगीपण मला माझ्या न्हाणीघरात मिळत नाही.

पुढच्याबद्दलच्या बातम्या मामांना घोरपडे पेठेतून येतात. तिथे त्यांचे जुने मित्र शेख सर राहतात. तेही दृष्टिहीन, शाळेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी चहा झाला की मामांच्या बटणांच्या फोनवर शेख सरांचा फोन येतो, आणि दोघे मिळून एकमेकांना घाबरवतात. शेख सरांना बातमी कुठून मिळते हे विचारायचं नसतं.

एकदा फोन ठेवताना मामांचा चेहरा पांढरा पडला होता. "पुढच्यात की-बोर्ड नाही म्हणे. नुसतं बघायचं. ज्याच्याकडे बघाल ते उघडेल." मग मामींकडे वळून, "म्हणजे आता तू बघायचंस आणि मी विचारायचं, काय उघडलं गं?"

"मी बघितलं तर आधी त्या टेबलावरची धूळ उघडेल," मामी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात बातमी आली की पुढचा मालकाचा चेहरा बघूनच आत सोडणार, आणि त्यासाठी कॅमेऱ्यात सरळ बघावं लागणार. सरळ म्हणजे कुठे, हा मामांचा प्रश्न रास्त होता. आठवडाभर त्यांनी कपाटासमोर बसून सराव केला. मामी फोटोग्राफरसारख्या सूचना देत, "थोडं डावीकडे. हनुवटी खाली. आणि लग्नाच्या फोटोत घाबरला होतात तसे घाबरू नका, ते कपाट आहे." त्यानंतर असं कळलं की पुढच्याला माणसाच्या मनातलं आधीच समजणार. आपण पत्रात नुसतं 'प्रिय' लिहिलं की पुढचा मजकूर तो स्वतः लिहून टाकणार. मामा हादरले. मामी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "लिहू दे की. तुमचं 'प्रिय'च्या पुढे गेलंय कधी?"

या भीतीची लागण इमारतभर झाली. दुसऱ्या मजल्यावर एक वकील राहतात. मामांनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, की पुढचा जुन्या फायली उघडणार नाही. वकिलांनी वरवर हसून दाखवलं आणि घरात जाऊन सगळ्या केसेस कागदावर छापून काढल्या. आता त्यांच्या बायकोला जेवणाच्या टेबलापाशी जायला दिवाणी दाव्यांना वळसा घालावा लागतो, आणि फौजदारीवर ती पोळ्यांचा डबा ठेवते.

मी अर्थातच या सगळ्याचा यथेच्छ आनंद घेत होतो. कधी विषय थंडावला तर मीच फुंकर घालायचो, "मामा, पुढच्याचं काय ऐकलं हो?" आणि मामा सुरू व्हायचे. मग एक दिवस मामांचा संगणक बंद पडला, आणि पुढचा खरोखरच आला.

मामांचा मुलगा सुहास हिंजवडीला संगणकातच काम करतो. त्याने जुना संगणक उघडून पाहिला, मान हलवली आणि चार दिवसांनी नवा घेऊन आला. नव्यात अर्थातच पुढचा होता. मला बोलावणं आलं ते जावई या नात्याने, म्हणजे काही उपयोग नसताना हजर राहायला. मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. ऑपरेशनला न्यायच्या आधी माणूस बसतो तसे.

"बाबा, घाबरण्यासारखं काही नाही," सुहास म्हणाला.

"साहेब लोक पहिल्या दिवशी हेच म्हणतात," मामा म्हणाले.

संगणक सुरू झाला, पण बोलेना. पडद्यावर चित्रं हलत होती, चौकोन उघडत होते, मिटत होते, सुहास पटापट बटणं दाबत होता. आम्हाला सगळं दिसत होतं. मामांच्या वाट्याला मात्र काहीच नव्हतं. इतकी वर्षं त्या टेबलावर कोणी ना कोणी भुणभुणत होतं आणि आता तिथे काही नव्हतं. मामांनी हात पुढे करून पडदा चाचपला, माणूस जिवंत आहे का हे बघावं तसा. मग हात मागे घेतला. माझी गंमत तिथे थांबली.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात शेख सरांची मेल आल्याचं दिसलं. मी मदतीच्या सुरात म्हणालो, "मामा, शेख सरांची मेल आलीय. वाचू?"

"नको."

"अहो, दोनच ओळी आहेत—"

"दोनच आहेत हे पाहिलंत ना तुम्ही?" मामा शांतपणे म्हणाले. "झालं तर मग. माझं पत्र तुम्हाला माझ्याआधी कळलं."

मी पडद्याकडे पाठ केली. मामांच्या आयुष्यात चाळिशी उलटेपर्यंत प्रत्येक कागद दुसऱ्या कोणीतरी आधी वाचला होता. परीक्षेचा निकाल वडिलांनी, बँकेचे हुकूम शिपायाने, डॉक्टरांचे रिपोर्ट शेजाऱ्यांनी. भुंगा आला तेव्हा पहिल्यांदा एक ओळ सगळ्यांच्या आधी त्यांना कळली. हे मला मामींनी नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. पुढचा काय काय करील याच्या सगळ्या भयकथांच्या तळाशी एवढी एकच भीती होती. पुन्हा कोणाला तरी विचारावं लागेल, जरा वेळ आहे का, एवढं वाचून दाखवाल का.

दुपारी पुढचा बोलला. सुहास ओरडलाच, "बाबा, ऐका!" आणि काय आवाज होता! एका बाईचा, मऊ, स्वच्छ, आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारखा, ळ आणि ण अगदी जागच्या जागी. मामी हातातला झारा घेऊन बाहेर आल्या. "अगंबाई, किती गोड!" मीसुद्धा म्हणालो, की मामा, हिच्यापुढे भुंगा म्हणजे काहीच नाही.  मामांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. बाईने चारपाच वाक्यं वाचली आणि मामांनी चाचपडत बटण दाबून तिला गप्प केलं.

"काय झालं?"

"ती श्वास घेते," मामा म्हणाले.

"तेच तर!" सुहास खूश होता. "अगदी माणसासारखा."

"माणूस कधी श्वास घेतो माहीत आहे का तुला? वाचताना वाईट ओळ आली की. आधी श्वास, मग ओळ. तुझे आजोबा गेल्याची तार बँकेतल्या शिपायाने वाचली, तेव्हा श्वासातच मला कळलं होतं. आयुष्यभर मी लोकांचे श्वास ऐकत बसलोय. ही बाई तर प्रत्येक वाक्याला घेते. मला वाटतं, आता कोण गेलं?" मग ते म्हणाले, "आणि भुंगा वाचायचा तेव्हा खोलीत मी एकटा असायचो. आता कोणीतरी आलंय."

सुहासने जुना आवाज घालायचा खूप प्रयत्न केला, पण या नव्यात तो चालत नाही. तो बनवणाऱ्यांनीच त्याचं काम सोडून दिलंय. बाईचा वेग वाढवावा तर ती शब्द गिळते. हळू ठेवावी तर मामांची पत्रं घरभर स्पष्ट ऐकू येतात. पहिल्याच दिवशी तिने शेख सरांच्या त्या दोन ओळी खणखणीत वाचल्या, आणि मामींना आत स्वयंपाकघरात कळलं की मामा शेख सरांबरोबर गुपचूप भजी खायला जातात. त्यावर उपाय म्हणून सुहासने कानात घालायचे इअरफोन आणून दिले.

परवा रविवारी मी गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं, मामी भाजीला गेल्या होत्या. मामा टेबलापाशी पाठमोरे बसले होते. एका कानात इअरफोन, दुसरा घरासाठी मोकळा. एरवी मी जिन्यात असतानाच "या जावईबापू" असं आतून ऐकू यायचं. आज मी खोलीच्या मध्यावर पोचलो तरी काही नाही. मग माझा धक्का खुर्चीला लागला आणि ते एकदम दचकून वळले.

"कोण? कोण आहे?"

तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एरवी मी चार क्षण गप्प राहून खोडी काढली असती. आज घाईघाईने माझं नाव सांगितलं. स्वतःच्या सासुरवाडीत, मामेसासऱ्यांना, पूर्ण नाव.

"हो हो. बसा." त्यांनी इअरफोन काढून हातात धरला. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग ते खुर्ची जवळ ओढून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "शेख सर म्हणत होते, आता याच्या पुढच्यात म्हणे आवाज आपल्याला हवा तसा करून मिळणार आहे. माणसाचा नको असेल तर तसाही. म्हणतात हं. माझा काही विश्वास नाही."

"अरे वा," मी म्हणालो.

ते इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला जे कधी विचारलं नव्हतं, ते हळूच विचारलं, "कधी येणार असेल हो पुढचा?"

या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मी खुर्ची पुढे घेतली, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "फार लांब नाही मामा. मी तर ऐकलंय की त्यांनी आवाजांचं काम सुरूसुद्धा केलंय." मामांनी मोकळा कान माझ्याकडे वळवला. मी श्वास न घेता पुढे सांगत राहिलो.