शोरकूलच्या विहिरीचं पाणी

झियादा ऑस्ट्रेलियाला जाणार हे तिच्या आईच्याही आधी शोरकूलच्या विहिरीला कळलं, असं मी म्हणतो तेव्हा आमच्या नुकूस शहरातले लोक माझ्या तोंडाचा वास घेऊन बघतात. मी पीत नाही.

मी भूजल कार्यालयाचा ड्रायव्हर, पेर्देबाय. झियादा आमची भूजलशास्त्रज्ञ. समुद्र आटून मागे हटला त्या पट्ट्यातल्या विहिरी मोजत आम्ही वर्षानुवर्षं हिंडलो. पोरगी ताश्कंदला शिकलेली, पण गाडी रुतली की माझ्याआधी फावडं घेऊन उतरायची. इंग्रजी ती गाडीतच शिकली. मला ऑस्ट्रेलियातला साहेब समजून बोलायची आणि मी सगळ्याला ‘येस’ म्हणायचो. शिक्षण, अनुभव, परीक्षा, तिकडे कायमचं राहायला जायचं तर सगळ्याचे गुण धरतात म्हणे. तिचे भरले होते, पण तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

शोरकूलला तेव्हा एकट्या अमनगूल आपा राहायच्या. बाकी गाव उठून कझाकस्तानात गेलेलं, घरांत खारट वाळू शिरलेली. त्या दुपारी झियादाने विहिरीत मोजायची फीत सोडली. टोक पाण्याला लागलं की ती वाजते. वाजली. खात्रीसाठी पुन्हा सोडली, तर आधीपेक्षा वरच वाजली. पुन्हा सोडली, आणखी वर.

“फीत बिघडली असेल,” मी म्हणालो.

“बादली सोडा, आगा.” आगा म्हणजे दादा, मला ती तसंच म्हणायची.

सोडली. नेहमीपेक्षा निम्मीच दोरी लागली.

आपा चहा घेऊन आल्या. “तुमच्यापैकी कोण चाललंय?”

“कुठे, आपा?”

“ते मला काय ठाऊक! कायमचं कोणी निघालं की ही अशी चढते. माझा धाकटा मुलगा कझाकस्तानात गेला तेव्हा काठाला आली होती.”

“मी नाही हो,” मी हसलो. “मला बायको बाजारातसुद्धा एकट्याला सोडत नाही.”

झियादा हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

परतताना तिनेच सांगून टाकलं. मग म्हणाली, “गाव गेलं, उपसा थांबला, पाणी चढणारच. त्यात काय एवढं?”

“उपसा काय आज दुपारी थांबला?”

तिने वहीतले दुपारचे आकडे पुन्हा वाचायला घेतले.

ऑस्ट्रेलियाला निघण्याच्या आधी ती माझ्याच गाडीतून आपांचा निरोप घ्यायला आली. पाणी काठाला टेकलं होतं. वारा असा की डोळ्यांत वाळू जात होती, पण पाण्यावर एक तरंग नाही. झियादाने वाकून पाहिलं आणि झटकन मागे सरली.

“काय दिसलं?”

“मीच,” ती म्हणाली. “पण डोक्याला रुमाल नव्हता.” तिने तो हनुवटीखाली घट्ट बांधलेला होता.

आपांनी ज्वारीची भाकरी आणली. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने एक घास तोडून खायचा आणि उरलेली घरच्यांनी जपून ठेवायची. परत आला की ती त्याची. खरं तर हे आईने करायचं. झियादाने तरीही घास घेतला.

गाडी निघाली. आरशात पाहिलं तर विहिरीपाशी आपा उभ्या, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक बाई. डोकं उघडं, अंगात झियादाचं निळं जाकीट. भाकरी खात होती, सावकाश, दोन्ही हातांनी धरून.

निळं जाकीट घातलेली झियादा माझ्या बाजूला बसली होती. तीही तिच्या बाजूच्या आरशात बघत होती.

“थांबवू?” माझा पाय ब्रेकवर गेला.

“नको, आगा. चला.”

आता ती पर्थला असते. तिकडेही जमिनीखालचं पाणीच मोजते. घर घेतलंय, आईला पैसे पाठवते. नवरोजच्या सणाला मला फोन केला होता.

“आठवण येते का गं आमची?”

“नाही येत, आगा. आईचीसुद्धा नाही. मी रोज वाट बघते, आज तरी आठवण येईल. कामावर जाते, जेवते, झोप लागते.” मग हळूच विचारलं, “शोरकूलला जाता ना तुम्ही? आपा एकट्याच असतात ना?”

नीट ऐकू येत नाही, असं सांगून मी फोन ठेवला.