स्फटिक फोडणारे देवमनभाऊ

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात देवमनभाऊंनी प्रयोगशाळा परिचर म्हणून सत्तावीस वर्षं काढली. हुद्दा भारदस्त, पण सगळे त्यांना शिपाईच म्हणायचे. माझी पीएचडी या माणसाच्या मनगटावर उभी आहे. हे मी आज लिहितेय. लिहायला हवं होतं तेव्हा लिहिलं नाही.

वीज वाहून न नेणाऱ्या स्फटिकावर सेंद्रिय रेणू सोडले की ते आपले आपण ओळीत कसे बसतात, हा माझा विषय. त्यासाठी स्फटिकाचा ताजा, सपाट पृष्ठभाग लागतो. माझ्या हातून नुसता चुरा व्हायचा. पहिल्याच वर्षी मी कॅल्साइटचे अठरा स्फटिक वाया घालवले. एक दिवस देवमनभाऊंनी माझ्याकडून ब्लेड मागून घेतलं, स्फटिकाच्या कडेला टेकवलं आणि हातोडीचा एकच ठोका दिला. दोन्ही तुकडे काचेसारखे गुळगुळीत निघाले.

"दगडाची शीर पाह्याची, अवनी मॅडम," ते म्हणाले. "माहा बाप विहिरीतले खडक फोडे."

पुढची चार वर्षं प्रत्येक स्फटिक त्यांनीच फोडला. रेणूंच्या ओळी पहिल्यांदा पडद्यावर दिसल्या, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पुस्तकात माहं नाव येईन ना जी?"

"येणारच," मी म्हणाले.

माझे गाईड मोरोपंत सर यांनी आभाराच्या पानावरच्या देवमनभाऊंच्या नावावर लाल रेघ मारली. "शिपायांची नावं घालायला ही काय लग्नपत्रिका आहे?" मला त्यांची सही हवी होती. मी नाव काढून ते पान पुन्हा छापलं. अजून लाज वाटते.

निवृत्तीच्या दिवशी देवमनभाऊ आपल्या मुलीला, बीएससीला असलेल्या नीलमला घेऊन लायब्ररीत आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी समोरच्याच टेबलावर होते. नीलमने कपाटातून माझा प्रबंध काढला, आभाराचं पान दोनदा वाचलं, मग प्रयोगाचं प्रकरण उघडलं.

"काय लिवलं हाय?"

"स्फटिक कोन्या कंपनीचा, ते हाय. ब्लेडच्या कंपनीचंबी नाव हाय, बाबा." नीलमने माझ्याकडे पाहिलं. "कोनं फोडला, ते नाई."

देवमनभाऊंनी प्रबंध तिच्या हातून घेतला, सवयीने फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला.

"चाल माय," ते म्हणाले. "मॅडमले कामं असतीन."