क्लच धरला म्हणजे काय

धडगावला मी सरकारी जीपवर ड्रायव्हर होतो. गावात पावरी बोलत, ऑफिसात मराठी लिहीत आणि माझी अहिराणी ऐकून दोन्हीकडचे हसत. त्यामुळे मी फारसा बोलत नसे. ऑफिसच्या मागे एक खोली मिळाली होती, तीत एकटा राही. ऑफिसात पुस्तकांचं एक कपाट होतं, प्रौढ शिक्षणासाठी आलेलं. प्रौढांनी ते कधी उघडलं नाही, म्हणून मी उघडलं. दुसऱ्या वर्षी ते वाचून संपलं, आणि मग संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न उरला.

बायको आणि पोरगी नंदुरबारजवळ रनाळ्याला, माझ्या आईजवळ. पोरगी दोन वर्षांची झाली तोवर मी तिला चारदा पाहिलं होतं. चौथ्या खेपेला मला दारात पाहून ती आत पळाली आणि आजीला सांगू लागली, "पाव्हना उना!" घरातले सगळे हसले. मीही हसलो. पाहुण्याने हसायचं असतं.

आमच्या साहेबांना उद्घाटनांची आवड होती. शाळेची पायरी असो की पाण्याची टाकी, फीत कापल्याशिवाय ती वापरात येत नसे. साहेब शुद्ध मराठीत चाळीस मिनिटं बोलत आणि दुभाषा ते पावरीत तीन वाक्यांत सांगे. त्या दुभाष्याइतका चांगला संपादक मला पुढे कुठे भेटला नाही.

त्या हिवाळ्यात जीप ओरडू लागली. साहेब म्हणाले, "सरकारी गाडी आहे, आवाज होणारच." पण मला दिवसभर ऐकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी नीट ऐकलं. ऑफिसपुढच्या मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवलं, गिअर न्यूट्रलला. क्लचवरून पाय काढला, गप्प. पाय दाबला, किर्रर्र. काढला, गप्प. असं दहा-बारा वेळा केलं. शंका उरली नाही. क्लच दाबला की एक बेरिंग पुढे सरकून फिरत्या क्लचवर टेकतं, ते कोरडं पडलं होतं. नंदुरबारला दोन दिवसांचं काम. उलट असतं, म्हणजे पाय काढल्यावर आवाज आणि दाबल्यावर गप्प, तर दुखणं गिअरबॉक्सच्या आतलं. मग गाडी जिल्ह्याच्या वर्कशॉपात जाते, महिनाभर तरी अडकते, आणि तेवढे दिवस ड्रायव्हर घरी राहू शकतो.

हे दुसरं माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पण आवाज स्वच्छ सांगत होता.

ड्रायव्हरचं मत हे सरकारदरबारी मत नसतं. तेच मिस्तरीने कागदावर लिहिलं की अहवाल होतो. म्हणून नंदुरबारच्या आमच्या जुन्या मिस्तरीचाचांना मी पोस्टकार्ड टाकलं. प्रामाणिकपणे लिहिलं: "क्लच धरला की आवाज येतो, सोडला की जातो."

आठवड्याने उत्तर आलं. "गिअरबॉक्सचं पुढचं बेरिंग गेलं. गिअरबॉक्स खोलावा लागेल."

मी ते कार्ड तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा उमगलं. आम्ही ड्रायव्हर लोक क्लच धरला म्हणतो तेव्हा पायाने धरलेला असतो, म्हणजे दाबलेला. मिस्तरी क्लच धरला म्हणतो तेव्हा आतल्या प्लेटेने इंजिन धरलेलं असतं, आणि ती धरते पाय काढल्यावर. सोडण्याचंही तसंच. ओळ तीच, अर्थ नेमका उलटा.

दुसरं कार्ड टाकून चूक सुधारता आली असती. कोरी कार्डं खोलीत उशाशी होती. मी टाकलं नाही. चाचांचं कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. साहेबांनी त्यावर "गंभीर" असा शेरा मारला, जीप ड्रायव्हरसह वर्कशॉपात पाठवण्याचा हुकूम काढला आणि एका विहिरीचं उद्घाटन पुढे ढकललं. विहिरीत पाणी नव्हतंच, त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

घाट उतरताना प्रत्येक वळणावर पाय दाबावा लागे आणि प्रत्येक वळणावर जीप खरं बोले. वर्कशॉपाला मिस्तरीच्या सहीचा दाखला हवा होता, म्हणून वाटेत नंदुरबारला चाचांकडे थांबणं भाग होतं.

"या ड्रायवरसाहेब," चाचा म्हणाले, "डोंगरनी हवा मानवनी नही वाटतं. वाळी गयात."

त्यांनी जीपखाली आडवं होऊन लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला लावलं आणि मूठ कानाला. मी सीटवर बसलो.

"पाय काढ." गप्प. "दाब." किर्रर्र. "काढ." "दाब."

चाचा बाहेर सरकून उठून बसले. "तू तं उलटं लिखं, भाऊ!"

"उलटं नही चाचा. धरा म्हनजे पायघाई धरा."

"पाय दाबस. धरस ती प्लेट. तीस वरीस व्हयनात, मी पायले कधी इचारं नही, प्लेटलेच इचारस." ते खूप हसले. मग हसता हसता थांबले. "मन्हं कार्ड वाचं तवय तुले समजनं व्हई ना?"

मी स्टिअरिंगकडे पाहत होतो. "समजनं."

"मंग?"

"घर रनाळाले शे. पोरगी शे दोन वरीसनी. माले पाव्हना म्हनस."

चाचा चिंधीने हात पुसू लागले. हात आधीच स्वच्छ होते. "गिअरबॉक्स चांगला शे," ते म्हणाले. "चांगलाले खराब कसा लिखू? दोन दिननं काम शे. तीन दिन लागतीन. तिसरा दिन कसाले लागना, ते इचारानी अक्कल कोनले नही."

मी रनाळ्याची मोटार धरली.

पहिला दिवस पोरगी आईच्या पदरामागेच होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातली भुईमुगाची शेंग घेतली, पण माझ्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या शेजारी येऊन बसली. मध्ये वीतभर जागा ठेवून, पण बसली. आम्ही दोघं अंगणातल्या कोंबड्या पाहत राहिलो. मी बोललो असतो तर ती उठून गेली असती.

दुपारी मी पिशवी भरायला घेतली. ती दारात उभी राहून पाहत होती. तिने आईला विचारलं, "हाऊ कवय जाई, माय?"

"आते जातीन," बायको म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आमच्याकडे लाडका पाहुणा निघाला की पोरं त्याच्या चपला लपवतात. मामा तासभर शोधतो, पोरं हसतात, शेवटी चपला कणगीमागून निघतात. महिना मिळाला असता तर माझ्याही कुठे तरी गेल्या असत्या.

पोरगी ओसरीच्या कोपऱ्यात गेली आणि माझ्या चपला दोन्ही हातांनी घेऊन आली. उंबऱ्याबाहेर त्या नीट जोडून ठेवल्या, तोंड रस्त्याकडे करून. डावी उजवीकडे होती. मी त्या बदलून पायात घातल्या आणि मोटारीच्या थांब्याकडे निघालो.