भाव वाढला? लिहा आणखी एक नाव!

अख्ख्या रायगड जिल्ह्यात डॉलरशी ज्याचं खासगी वैर आहे असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींनी उभी हयात रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर मोहोपाड्यातच घर बांधलं. सकाळी नाक्यावर चहाला जमलेले त्यांच्या वयाचे लोक एकमेकांच्या साखरेची नि गुडघ्यांची चौकशी करतात. दाजी टपरीवाल्याला विचारतात, "काय रं, आज डॉलर केवढ्याला?" तो बिचारा मोबाइलमध्ये बघून आकडा सांगतो. आकडा चढलेला असला की दाजी चहात पाव जरा जास्तच जोरात बुडवतात आणि म्हणतात, "चढ म्हनावं, चढ. बॉयलरचं प्रेशर चढलं म्हनून मी कदी पळून गेलो नाय."

या वैराचं मूळ म्हणजे आक्का. आक्का दाजींची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा कळंबला लोकांच्या शेतात लावणी करून आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर विटा वाहून तिने या भावाला शिकवलं, आयटीआयला घातलं. स्वतःसाठी काही मागायची तिला सवयच नव्हती. पण एकदा विहारात कुणा पाहुण्या भंतेंनी अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची गोष्ट सांगितली. इथली एक राजकन्या पिंपळाची फांदी घेऊन समुद्रापार श्रीलंकेला गेली आणि ते झाड तिथे अजून उभं आहे, हे ऐकून आक्का घरी परतताना दाजींना म्हणाली, "बाल्या, त्ये झाड एकदा बघाया पायजे." पुन्हा तो विषय तिने काढला नाही. दाजींना एकदा ऐकलेलं पुरलं. तेव्हा आक्का बिनकाठीची चालायची. पुढे काठी आली, मग एक गुडघा सुजू लागला, आणि विमानाच्या तिकिटाने आणि आक्काच्या गुडघ्यांनी जणू शर्यत लावली.

दाजींनी फंडाच्या पैशातून सहल ठरवली ती सात जणांची. ते स्वतः, माझी मेहुणी, आक्का, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. कर्जतच्या एका सहलवाल्याकडे ते चौकशीला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. त्याने सांगितलं की इंधन महागलंय, भाडं वाढलंय, दोन माणसं कमी करा. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी विचार करतो. दाजींनी खिशातली यादी काढली आणि तिच्यात लेक आणि जावयाचं नाव घातलं. "भाव वाढला म्हनून मानसं कमी करायची? ती काय मालगाडीचे डबे हायेत? लिहा आनखी दोन." पुढच्या वर्षी डॉलर चढला, त्याच्याबरोबर सहलीचा भाव चढला, तेव्हा माझं आणि माझ्या बायकोचं नाव लागलं. म्हणजे मी या सहलीत पाहुणा म्हणून नव्हे, डॉलरला दिलेलं उत्तर म्हणून सामील झालो. सामानाला वेगळे पैसे पडतील असं कळलं तेव्हा विहीणबाई आल्या. विम्याचे दर वाढले तेव्हा आक्काबरोबर लावणीला जाणारी तिची कळंबची मैत्रीण आली. यादी तेरावर गेली.

मी खालापूरच्या शाळेत मास्तर. मी त्यांना फळ्यावर मांडावं तसं त्रैराशिक मांडून दाखवलं. म्हटलं, दाजी, तुम्ही नि आक्का दोघंच गेलात तर उद्या निघाल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना बॉयलर विझवून घरी जायला सांगितलं होतं. "दोघं गेलो तर ती तीर्थयात्रा. आक्कानं आमाला घर करून दिलं, मंग आख्खं घर जाईल." बरं, आम्ही आमचे पैसे देतो म्हटलं, तर तेही नाही. "तुमी पैसं दिलं तर ती तुमची सहल झाली. ही आक्काची हाय." सहलवाला म्हणाला, मे महिन्यात सगळ्यांच्या शाळांना सुट्टी, म्हणून तिकीट आभाळाला भिडतं, सप्टेंबरात जा, निम्म्यात होईल. त्यावर दाजी खुर्चीतून उठलेच. "शाळा बुडवून? आक्का आधी माजा कान पिळंल, मंग तुमचा!" पुढे हे आक्काच्या कानावर गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याचा कशाला, मी तुजाच दोनदा पिळीन."

तिकीट निघण्याआधी दोन वर्षं आमची तालीम मात्र जोरात चालली होती. कळंबला दाजींच्या शेतात मोठं खळं आहे. तिथे ते मांडववाल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायचे, तीन इकडे, तीन तिकडे, मधून वाट. आक्का खिडकीशी, म्हणजे आंब्याच्या बाजूला. तिच्या शेजारी दाजी. मी शेवटच्या ओळीत, कारण माझं नाव उशिरा लागलं होतं. तीन तास कुणी उठायचं नाही. विमानात खाण्याचेही वेगळे पैसे पडतात म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर आपापला डबा. नात वाटेतून फिरून "पट्टे बांधा" म्हणायची आणि आम्ही पोटावर उपरणी बांधायचो. कळंबच्या रिसॉर्टकडे निघालेली शनिवारची मुंबईकर मंडळी गाडी थांबवून आमचे फोटो काढायची. आक्का शांतपणे आंब्याकडे बघत बसायची आणि मधूनच विचारायची, "बाल्या, कुटंवर आलो?" "समुद्र लागला गं आक्का," असं दाजी गंभीरपणे सांगायचे, आणि मला हसू आवरायचं नाही.

शेवटी या मे महिन्याची तिकिटं निघाली. त्याच आठवड्यात भाडं पुन्हा वाढल्याचं नाक्यावर कळलं होतं, पण दाजींनी या वेळी कुणाचं नाव वाढवलं नाही. मला वाटलं, चला, माणूस थकला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी भाताच्या गिरणीतून लटकता काटा आणला आणि एकेक बॅग टांगून बघितली. आक्काच्या बॅगेत सुकट, तांदळाचं पीठ आणि कळंबच्या विहिरीच्या पाण्याची बाटली निघाली. "झाडाला घालाया," ती म्हणाली. वजन जास्त भरलं. सुकट काढा असं आम्ही सगळे म्हणालो. दाजी म्हणाले, "काय काढायचं नाय. जादा हाय त्ये माज्या वाट्याचं धरा." मग त्यांची स्वतःची बॅग टांगली, तर काटा जेमतेम हलला. मी म्हटलं, "काय दाजी, श्रीलंकेत काय गोणपाट नेसून फिरणार?" सगळे हसले. दाजीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

विमानतळाच्या दारात जवान एकेकाचं तिकीट आणि पासपोर्ट बघून आत सोडत होता. दाजी बाजूला उभे राहून आमची डोकी मोजत होते. आक्का आत गेली, मुलं गेली, विहीणबाई गेल्या. माझी मेहुणी नवऱ्याकडे न बघता आत गेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. शेवटचा मी. म्हटलं, "दाजी, चला." ते म्हणाले, "तुमी व्हा फुडं," आणि आक्काच्या जादा वजनाचे पैसे माझ्या हातावर ठेवले. त्यांच्या हातात तिकीट नव्हतं. ती हलकी बॅग रिकामीच होती.

भाडं वाढलं तेव्हा फंडात बारा जणांपुरतेच पैसे उरले होते. ज्या माणसाने आयुष्यात यादीत फक्त नावं वाढवली, त्याने पहिल्यांदा एक नाव खोडलं होतं आणि ते स्वतःचं होतं. मी म्हटलं, "माझं तिकीट घ्या. मी कोण आहे या सहलीत? मला तुम्ही हट्टाने घातलंत." "नाव छापलंय त्याच्यावर, आता बदलत नाय," दाजी म्हणाले, "म्हनून तर आधी सांगितलं नाय तुमाला. जावा आता. आणि तिच्या शेजारी बसा, उतरताना तिला हात लागतो." मग छाती काढून म्हणाले, "बारा तर गेले ना? डॉलरला सांगा म्हनावं." काचेआडून मी वळून बघितलं तेव्हा ते रिकामी बॅग छातीशी धरून उभे होते.

दाजी मागून येतायत असं मेहुणीने आक्काला तोवर सांगत ठेवलं होतं. विमानात तिच्या शेजारी मी होतो. पट्टा बांधून झाल्यावर तिने डोकी मोजली, मग पुन्हा मोजली. मी सगळं सांगितलं. विमान उडाल्यावर तिने खिडकीतून बराच वेळ खाली बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाल्या, समुद्र लागला रं." तालमीत हसणारा मी तिथे रडलो.

अनुराधापूरला तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत, मग नातवाचा खांदा धरून पायऱ्या चढत आक्का त्या झाडापर्यंत पोचली. बोधिवृक्षाभोवती कठडा होता. तिथल्या एका भंतेंनी पाण्याची बाटली बघून बाजूच्या कोवळ्या पिंपळाकडे बोट दाखवलं. आक्काने अर्धंच पाणी घातलं आणि बूच लावलं. मी म्हटलं, "आक्का, उरलेलं?" ती म्हणाली, "त्ये बाल्याच्या हातचं ऱ्हायलं. फुडल्या साली त्याला घेऊन येनार."

परवा मी कळंबला गेलो होतो. खळ्यात दोनच खुर्च्या होत्या. खिडकीकडच्या खुर्चीत आक्का आणि शेजारी दाजी, दोघांच्या पोटावर उपरणी. मी न विचारता सांगितलं की डॉलर पुन्हा चढलाय. दाजी पोटावरचं उपरणं सोडू लागले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं आक्का. तुजं गुडघं आता…" आक्काने त्यांचा कान धरला आणि खरंच पिळला. "गुडघं माजं हायेत, डॉलरचं नाय. ती पोरगी फांदी घेऊन बोटीनं गेली, आपल्याला विमानानं जाया काय धाड भरलीय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, यादी लिहा. पयलं नाव बाल्याचं."

मी खिशातला कागद काढला आणि लिहिलं. आंब्याच्या बुंध्याशी ती अर्ध्या पाण्याची बाटली ठेवलेली होती.