निकाल वाचून होईस्तोवर

मी पुसद सोडलं त्या सकाळी बाबांनी एसटीचं दार माझ्यासाठी उघडून धरलं होतं. पाठ ताठ, मान किंचित खाली, कोर्टात जजसाहेबांसाठी धरायचे तसंच. बाबा तालुक्याच्या कोर्टात चपराशी. फायली बांधायची लाल फडकी आई घरी धुऊन द्यायची. त्यांचा रंग सुटायचा, त्यामुळे माझा शाळेचा पांढरा शर्ट कायम गुलाबीसर. मुली हसायच्या. दुसरा शर्ट नव्हता.

निकालाच्या आदल्या दिवशी लोक घरी यायचे. "भाऊ, काय लागन निकाल?" बाबा म्हणायचे, "औंदा गरमी लै हाय." एकदा कोणी संत्र्यांची टोपली ठेवून गेलं. आम्ही भावंडं ती हुंगत बसलो. बाबांनी आम्हालाच ती परत पोचवायला लावली. आई चिडली, "या माणसाच्या पोटात गोष्ट गेली का दगड होते!" बाबांचं एकच, "निकाल वाचून होईस्तोवर तो निकाल नसते."

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. नागपूरची कायद्याची पदवी कॅनडात, एडमंटनमध्ये, तशी चालली नाही. ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभी राहिले, एलआरटीत, म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेत, वाचून परीक्षा पुन्हा दिल्या, ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसून ऑफिस गाठलं. वीस वर्षं वकिली झाल्यावर फेडरल अपील कोर्टाच्या जजपदासाठी अप्लाय केलं. तुम्हाला जज का व्हायचंय, असं फॉर्ममध्ये विचारलं होतं. मी बाबांबद्दल लिहिलं.

त्यानंतर दर रविवारी फोनवर बाबांचा प्रश्न यायचा, "समजलं का काई?"

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी फोन आला. निवड झाली होती. पण अधिकृत घोषणा होईपर्यंत नवऱ्याखेरीज कोणाला सांगायचं नाही, असं बजावलं होतं. बाबा तेव्हा हॉस्पिटलात होते. बुधवारी सकाळी धाकट्या भावानं, सुधीरनं, व्हिडिओ कॉल लावला. बाबांचा आवाज अगदी खोल गेलेला.

"समजलं का काई?"

शेजारून माझा नवरा विनय कुजबुजला, "अगं, सांगून टाक. ते काय पेपरात छापणार आहेत?"

मी म्हणाले, "अजून नाही, बाबा."

ते म्हणाले, "बरं. मी विचारत नाई."

गुरुवारी बाबा गेले. शुक्रवारी घोषणा झाली.

सुधीरनं एवढंच विचारलं, "ताई, तुले आधीच माहीत होतं?" मी हो म्हणाले. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो. मी नियमानं वागले, बाबांनीही तेच केलं असतं. हे मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यानं मला झोप येत नाही हेही.

या कोर्टाच्या जजना राजधानीजवळच राहावं लागतं, म्हणून एडमंटनचं घर विकून ओटावाला कॉन्डो फ्लॅटमध्ये आलो. पुन्हा खोके, पुन्हा अनोळखी रस्ते. हे वाचणाऱ्या पुसदकरांनो, तुमच्यातले काही तिथेच राहिले, काही माझ्यासारखे निघाले. घर कुठलं, असं मला विचाराल, तर जिथे बातमी सगळ्यांत आधी सांगावीशी वाटते, ते घर. माझं आता राहिलं नाही.

कोर्टात एक कर्मचारी रोज माझ्यासाठी दार उघडून धरतात. पाठ ताठ. मी थांबते, त्यांचे आभार मानते, मग आत जाते.

पुसदच्या चपराशाची मुलगी कॅनडाच्या फेडरल अपील कोर्टात जज आहे. बाबा, निकाल वाचून झाला.