सत्काराची तारीख

वासंतीताई म्हात्रे यांची आणि माझी ओळख झाली ती मी नाटकातून पळून जात असताना. ठाण्यातल्या आमच्या छोट्या नाट्यगृहात त्या दर हिवाळ्यात नव्या नाटकांचा मोसम भरवतात. शेजाऱ्यांनी दिलेला पास वाया जाऊ नये म्हणून मी गेलो होतो. विनोदी काहीतरी असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. मध्यंतराच्या आधीच उठलो, तर दाराशी ताई उभ्या. "कंटाळलात? खुशाल जा. पण नेमकं कुठे कंटाळलात, तेवढं सांगून जा." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते त्यांनी जसंच्या तसं नाटकवाल्यांच्या कानावर घातलं.

ही त्यांची रीतच आहे. यावरून कितीतरी संस्था रुसल्या आणि पुढच्या वर्षी नवं नाटक घेऊन परत आल्या.

ताई मूळच्या कोलशेतच्या, जुन्या आगरी घरातल्या. वर्तकनगरच्या शाळेत त्यांनी मराठी शिकवलं. घरच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, भाऊबंदांच्या दारात गाड्या आल्या, आणि ताई मात्र तालमींच्या चहात रमल्या. त्यांचे थोरले बंधू कौतुकाने की वैतागाने कोण जाणे, पण म्हणतात, "आमची वासंती आम्ही नाटकाला दिली."

माझी कंपनी बंद पडली, त्या वर्षीची गोष्ट. ताईंनी सांत्वनाचा एक शब्दही काढला नाही. रोज दुपारी फोन यायचा, "जरा नाट्यगृहावर या, काम आहे." काम बहुतेकदा नसायचंच. आम्ही दोघं रिकाम्या खुर्च्यांत बसून कुठल्यातरी तरुण पोरांची तालीम बघायचो. घरात बसलेला माणूस घराला आणि स्वतःला किती जड होतो, हे त्यांना न सांगता कळलं होतं. मी त्या दिवसांतून उठलो तो त्यांच्यामुळे.

ताईंच्या या गौरवग्रंथात लिहू नये असं एक वाक्य लिहितो : मोसमासाठी राबणारे आम्ही सगळे फार थकलो आहोत. चांगल्या तारखा गाजलेल्या नाटकांना जातात, आम्हाला उरते रविवारची सकाळ. एसी चालतो तेव्हा घरघरतो. प्रेक्षकांत ओळखीचेच चेहरे, त्यातले काही आता गुडघ्यांमुळे येत नाहीत. दर वर्षी वाटतं, आता पुरे.

अशात ताईंची पंचाहत्तरी आली आणि सत्कार समितीने, म्हणजे आम्हीच, हौसेने नाट्यगृह धरलं. एकच रविवार मिळत होता. तो मोसमातल्या शेवटच्या नाटकाचा, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. दोन्हीकडची माणसं तीच, तेव्हा यांनीच ठरवलं असेल, असं समजून व्यवस्थापकांनी नाटकाच्या जागी सत्कार लिहून टाकला. नाटक होतं खडवलीच्या मुलांचं. गावातल्या देवळाच्या सभामंडपात महिनोन् महिने तालमी करून ती पहिल्यांदाच ठाण्यात येणार होती. त्यांच्या दिग्दर्शकाने, तेजसने, ताईंनाच फोन केला. "ताई, आमचा शो कॅन्सल झाला म्हणे. तुमचाच प्रोग्राम आहे ना? मग काही टेन्शन नाही. पोरं जरा नर्व्हस झालीत, बस."

ताई थेट समितीच्या बैठकीत आल्या. चिडल्या की त्यांची शाळेतली मराठी गळून पडते. "अक्कल हाय का नाय रं तुमाना? माझ्या गल्यात हार घालाला त्या पोरांचं नाटक मारताव?" आम्ही माना खाली घातल्या. मग त्या खुर्चीत बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सत्कार नको. प्रयोग होऊ द्या. आणि पुढच्या वर्षी मोसम मी करणार नाही. दमले मी."

प्रयोग झाला. सत्कार रद्द झाल्याचं पाहुण्यांना कळवायचं मात्र आम्ही विसरलो. शाली आणि पुष्पगुच्छ घेऊन आलेली मंडळी मुकाट्याने नाटकाला बसली. नाट्यगृह गच्च भरलं. पडदा पडल्यावर पुष्पगुच्छ पोरांच्या हातात गेले आणि ताई मागच्या रांगेत बसून रडत होत्या. मलाही आवरलं नाही.

बाहेर पडताना मी त्यांना म्हटलं, "पुढचा मोसम मी बघतो." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीही दमलात हो." मी म्हटलं, "दमलोय खरा."

तेव्हा हा ग्रंथ सत्काराविनाच आपल्या हाती येत आहे. ताई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं मागताना माझा स्वार्थ लपवत नाही. मोसम मी भरवीन, धावपळ करीन, रुसलेल्यांना समजावीन. आपण काहीही करू नका. फक्त आमच्यात असा. मी दमलो, हे ज्याला सांगावं असं मला दुसरं माणूस नाही.