शांतेचं गाणं आणि इरफानभाई

कुणी गायला लागलं की लोक मान डोलावतात. इरफानभाई विचारायचा, "कोनाचं हाय?" लग्नात, उरुसात, जयंतीच्या मंडपात, कुठेही. गाणारा स्वतःचं नाव सांगायचा. त्यावर इरफानभाई म्हणायचा, "तू गायला ते तं आयकलं ना भाऊ. लिहलं कोनं? चाल कोनाची?" बहुतेकांना हे ठाऊक नसायचं. काहींना तर हा प्रश्नच अपमान वाटायचा.

बुलढाण्यात एका कार्यक्रमात मी चळवळीतलं एक गाणं म्हटलं, तेव्हा तो मला पहिल्यांदा भेटला. मंचावरून उतरताच समोर येऊन त्याने तेच विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "हे गाणं जनतेचं आहे." त्याने शांतपणे खिशातून मोबाईल काढला. "जनतेचा नंबर दे मंग. परवानगी घ्या लागते." आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, वडिलांच्या संघटनेची, अक्षरओळखही मी त्यांच्यावरच केलेली. हे कळल्यापासून तो मला 'पत्रक' म्हणू लागला. "काय पत्रक, आज कोनाचा निषेध?"

तो एमबीए होता. पुण्यात शिकला, तिथेच एका कंपनीत साबण विकला आणि एक दिवस मोताळ्याला परत आला. कापडदुकानामागच्या खोलीत त्याने भिंतीभर गोधड्या टांगल्या, मायक्रोफोन आणला आणि वऱ्हाडी गाणारे, भारुडवाले, कव्वाल यांचा मॅनेजर होऊन बसला. आठवडी बाजाराच्या दिवशी गोधड्यांतूनही कांदेवाल्याची आरोळी आत यायची, म्हणून त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद. त्याचे अब्बा गिऱ्हाइकाला कापड मापून देता देता सांगायचे, "पोरगं एमबीए हाय आपलं. ढोलकीवाल्याइच्या मांगं मांगं फिरते. डिग्री हाय ना, म्हनून मांगं. नाही तं ढोलकीच वाजोली असती."

व्यवस्थापन हा शब्द मला तेव्हा शिवीसारखा वाटायचा. बाजाराच्या भाषेत गाण्याबद्दल बोलणारा माणूस मला आवडायचं काही कारण नव्हतं. पण मी त्याला एका बँडवाल्यासमोर कंपनीच्या करारातली ओळ न् ओळ वऱ्हाडीत सांगताना पाहिलं. सही करायला निघालेल्या त्या माणसाचा हात त्याने धरला होता. "थांब बे. इथं लिहलं हाय का तू मेल्यावरबी तुहा आवाज त्याइचाच. चालते का तुले?" मी वाद घालायला लागलो की तो म्हणायचा, "गानं म्हंजे साबन नोहे, मले समजते. पन दुनिया त्याले साबनच समजते ना. मंग वेष्टनावर नाव तरी बरोबर पाह्यजे."

आणि याच माणसाच्या हातून एक नाव राहून गेलं.

मोताळ्याजवळच्या एका खेड्यातल्या द्वारकामावशी रोजाने निंदायला जायच्या आणि गाणी रचायच्या. त्यांची शेजारीण शांता त्यांच्या बाजूच्या तासात, पिकाच्या ओळीत, निंदायची. ती सर्पदंशाने गेली. त्यानंतर मावशींनी गाणं बांधलं, 'बांधावर ये वं शांते, भाकर सोडली फडक्यात.' दुपारच्या सुट्टीत गेलेल्या मैत्रिणीला जेवायला बोलावणारं गाणं. इरफानभाईने ते ऐकलं आणि मावशींना चार बायांसोबत खोलीत आणून रेकॉर्ड केलं. तिथे मीही होतो. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "मावशी, गानं कोनाचं लिहू?"

मावशींनी पदर सारखा केला, बाजूच्या बायांकडे पाहिलं. "आमा बायाइचं लिह्य ना बाबू. माह्यं एकटीचं कसं म्हनू?"

आमच्याकडे हीच रीत आहे. बाई गाणं रचते, पण चार जणींदेखत 'माझं' म्हणत नाही. म्हटलं तर ती मोठेपणा करते असं होतं. गाणं मावशींनीच बांधलंय हे इरफानभाईला पक्कं माहीत होतं. पण त्यांना पुन्हा विचारून त्या बायांसमोर अवघडवणं त्याला बरं वाटलं नाही. इंटरनेटवर गाणं चढवताना गीतकाराच्या चौकटीत त्याने एक शब्द भरला: पारंपरिक.

पुढचा उन्हाळा लग्नसराईत गेला आणि ते गाणं डीजेवर वाजू लागलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने उचललं होतं. चाल तीच, पहिली ओळही तीच, पण आवाज पुरुषाचा. त्याच्या बांधावर शांतेला भाकरीसाठी बोलावलेलं नव्हतं. पुढच्या ओळी मी इथे लिहिणार नाही. वरातीत पोरं शिट्ट्या मारत शांतेच्या नावाने नाचत होती. इरफानभाईने तक्रार केली. कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आलं: पारंपरिक गाण्यावर कुणाचाच हक्क नसतो, आणि ते पारंपरिक असल्याचं तुम्हीच नमूद केलेलं आहे.

मी पेटलो. लोकांच्या घामाचं गाणं चोरणाऱ्यांविरुद्ध पत्रक लिहून त्याच्याकडे नेलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं. "कागद चांगला हाय. पन याच्यात गुन्हेगार एकच लिहला तू." मी म्हणालो, दार उघडं राहिलं म्हणून चोर साव होत नाही. आजही मी हेच म्हणतो. तो म्हणाला, "चोर चोरच हाय. पन दार लावाची नोकरी माही होती ना."

एकच रस्ता उरला होता. गाणं माझं आहे असं मावशींनी वकिलासमोर लिहून द्यायचं. बाया साक्ष द्यायला तयार होत्या. आम्ही दोघं मावशींच्या घरी गेलो. त्या तूर पाखडत होत्या. इरफानभाईने सगळं समजावून सांगितलं, आधी माफी मागितली. मावशींनी सूप खाली ठेवलं.

"शांतीची पोरगी आल्ती बाबू," त्या म्हणाल्या. "सासरी तिच्या देरानं ते गानं लावलं अन् तिले हासला. माह्याजवळ रडली. म्हने, मावशे, माह्या मायचं नाव काऊन देलं वं लोकाइले?"

"म्हनूनच तं, मावशी. तुमी सही करा, मी ते बंद करतो."

"तवा माह्यं म्हनाची लाज वाटली, बाया काय म्हनतीन म्हनून. आता माह्यं म्हनलं तं त्या पोरीले वाटीन, मावशीनंच नाचोलं मायले." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "नको रे बाबू. त्या घानीले माह्यं नाव नको."

इरफानभाईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "तवाच बायाइले चहाले भायेर पाठोलं असतं ना, मावशीनं मले एकटीनं सांगतलं असतं." बास, एवढंच. त्याच्या सगळ्या शिक्षणाला न सुचलेला उपाय एवढा साधा होता.

मग हळूहळू त्याने नवीन गाणी घेणं बंद केलं. जुन्या कलाकारांचे करार मात्र आवरून दिले, प्रत्येकाला समोर बसवून. आता तो संभाजीनगरला एका गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. तिथे जाताना बुलढाण्याच्या स्टँडवर भेटला. निघण्याआधी मावशींना भेटायला शेतात गेलो होतो, म्हणाला. कपाशीच्या तासात बाया निंदत होत्या. निंदताना एक बाई गाणं पुढे म्हणते, बाकीच्या तिच्या मागून ओळ उचलतात, आणि इतकी वर्षं पुढे म्हणणाऱ्या द्वारकामावशीच असायच्या.

"मावशी गायल्या का?" मी विचारलं.

गाडी लागली होती. त्याने बॅग उचलली.

"गायली ना," तो म्हणाला. "मांगून."